माळ्याने न घेतलेला निरोप

ज्या काळी डोंगरांना अजून नावंही पडली नव्हती, त्या काळची ही गोष्ट. एका राज्याच्या टोकाला एक खडकाळ पठार होतं. त्याच्या एका कोपऱ्यात पावसाळ्यात नाजूक पांढरी फुलं उमलत. साऱ्या राज्यात ती दुसरीकडे कुठेच उरली नव्हती. पाऊस सरला की पानं सुकत आणि कंद मातीखाली निजून राहत. वरून पाहणाऱ्याला नुसती उघडी जमीन दिसे.

राजाने आपल्या माळ्याला तिथे पाठवलं. "पावसाळाभर तिथेच राहा. ही जात बुडता कामा नये," एवढंच तो म्हणाला.

माळ्याने मन लावून काम केलं. गवत उपटलं, वाहत्या मातीला दगडांचा बांध घातला आणि फुलांभोवती काट्यांचं असं दाट कुंपण केलं, की सशालाही आत शिरता येऊ नये.

पठाराखाली धनगरांची वस्ती होती. तिथली कारभारीण रोज शेळ्या घेऊन वर येई.

"काय रं माळीदादा, आत सोनं पुरलंयस का? सारखा राखत बसतोस ते!"

"काही नाही, अक्का. राजाचं काम आहे."

"म्हंजी आम्हाला सांगण्यासारखं नाही, एवढं कळलं," असं म्हणून ती हसे आणि त्याला लोटीभर दूध देऊन जाई.

माळी दूध घेई, पण फुलांविषयी अवाक्षर काढत नसे. पूर्वी एका डोंगरावर त्याने असंच एक फूल लोकांना कौतुकाने दाखवलं होतं आणि लोकांनी ते कंदासकट उपटून नेलं होतं. तेव्हापासून त्याचा माणसांवरचा विश्वास उडाला होता.

पावसाळा संपला. निघायच्या दिवशी माळी कुंपणाच्या आत एकेका रोपापाशी बसला. "सुखी राहा," असं तो पिवळ्या पडलेल्या पानांना म्हणाला. मग कुंपण नीट बंद करून तो मागच्या वाटेने उतरला. वस्तीत गेलाच नाही. निरोप घ्यायला जावं, कुणी काही विचारावं आणि तोंडून गुपित निघून जावं, अशी त्याला धास्ती होती.

पुढच्या पावसाळ्यात तो परतला. कुंपण जागच्या जागी होतं. उलट कुणीतरी ते आणखी भक्कम केलं होतं. पण आत एकही फूल नव्हतं. जमीन खुरांनी तुडवली होती, जागोजागी लेंड्यांचे थर होते आणि कंद कुजून गेले होते.

तेवढ्यात कारभारीण लगबगीने आली.

"आलास होय! न सांगता गेलास, पर जाताना केवढं काम करून गेलास रं! दरसाल लांडगा करडं न्यायचा. औंदा एक गेलं नाही. कुंपणात बघितलं तर नुसती मोकळी जमीन, म्हटलं शेळ्या कोंडायलाच वाडगं घालून गेलास. सगळी शेळरं तुझ्या वाडग्यात सुखानं निजली. वस्तीवर जो तो तुझं नाव काढतो."

माळ्याने कुजलेला एक कंद उकरून तिच्यापुढे धरला. मग त्याने तिला सगळं सांगितलं.

कारभारणीचं हसू मावळलं.

"एवढं तोंडानं सांगायला काय झालं होतं, दादा? आम्ही पल्याड वाडगं घातलं असतं."



दोघांनी मिळून सारं पठार धुंडाळलं. कड्याच्या एका कपारीत, शेळ्या पोचत नाहीत अशा जागी, मोजकी फुलं तगली होती. या वेळी माळ्याने सगळ्या वस्तीला वर बोलावलं. म्हातारेकोतारेसुद्धा पालथे पडून कपारीत डोकावले.

"याचा कंद खात्यात का?" एकाने विचारलं.

"खाऊन तर बघ, दात पाडून हातात देईन!" कारभारीण कडाडली.

पावसाळा सरल्यावर माळी घरोघर जाऊन आला. शेवटी कारभारणीच्या दारात उभा राहिला.

"येतो, अक्का."

"ये. आणि नाही जमलं यायला, तरी जिवाला घोर लावून घेऊ नको. आता आम्ही हाय."

कपारीतली फुलं वस्तीने जपली. पठाराचा तो कोपरा मात्र पुन्हा कधी पांढरा झाला नाही.

तात्पर्य: आपल्या मागे जे टिकावं असं वाटतं, ते मागे राहणाऱ्यांच्या हाती सोपवूनच निरोप घ्यावा.