कुमुद दम कुठं घेते

“…मग या तिन्हींतला कुठला कोर्स घेऊ, मास्तर?”

जनार्दन घरतनं तिन्ही जाहिराती पियानोच्या झाकणावर शेजारी शेजारी मांडल्या. एक पुस्तकांचा संच, सोबत सीड्या. एक मोबाइलवरचा, रोज सकाळी धडा पाठवणारा. तिसरा कुणा परदेशी बाईच्या व्हिडिओंचा, शेवटी प्रमाणपत्र देणारा. वचन मात्र तिन्हींवर एकच होतं, घरबसल्या पियानो शिका.

आंतोन तुस्कानो मास्तरांनी चष्मा कपाळावर चढवला, जाहिरातींकडे पाहिलं आणि चष्मा पुन्हा नाकावर आणला. वसईच्या चर्चमध्ये उभा जन्म ऑर्गन वाजवलेला माणूस. आता दम्यानं बेजार झालेला. शिकवणं त्यांनी कधीच सोडलं होतं. तरी आसपासच्या गावांत कुणाला वाद्याबद्दल काही ठरवायचं असलं, की तो आधी मास्तरांच्या ओटीवर येऊन जायचा.

“कशाला शिकायचंय?”

“हे काय विचारणं झालं, मास्तर! आजवर सगळं आपलं आपण शिकलो. नुसतं कानावर. आता म्हटलं, एकदा शास्त्रशुद्ध शिकू.”

“का?”

जनार्दन हसला. असल्या प्रश्नाला त्याच्याकडे तयार उत्तर होतं, ते त्यानं चारचौघांत कितीदा तरी दिलं होतं. हळद म्हटली की घरतचा कीबोर्ड, असं अख्ख्या पट्ट्यात बोललं जायचं. नवरदेवाच्या मामानं कुठल्याही गाण्याची फर्माईश करावी आणि घरतनं ते हवेतून काढून द्यावं. रिदम लावला की म्हाताऱ्याकोताऱ्यासुद्धा उठून नाचायच्या. हे सगळं त्यानं मास्तरांना सांगितलं, थोडं तिखटमीठ लावूनच सांगितलं.

मास्तरांनी ऐकून घेतलं.

“बरं. मग का?”

आता मात्र जनार्दनचा चेहरा उतरला. त्यानं जाहिरातींच्या कडा उगाचच सारख्या केल्या.

“नातीचं बारसं झालं, मास्तर. घर भरलेलं. मी आपला कीबोर्ड मांडून तयार. बायका कुमुदला म्हणाल्या, पाळणा म्हण… माझी बायको, कुमुद. पूर्वी माझ्याबरोबर स्टेजवर गायची. मुलगी दहावीला आली तेव्हा सोडलं तिनं. मुलीच्या अभ्यासासाठी म्हणाली.”

“मग? म्हटला का पाळणा?”

“म्हटला ना. पण आधी माझ्याकडे बघून म्हणाली, ‘अहो, तुम्ही वाजवू नका. मग म्हणते.’”

मास्तरांनी चष्मा काढून हातात घेतला.

“सगळ्यांच्या देखत, मास्तर. व्याह्यांच्या देखत. मी हसण्यावारी नेलं. म्हटलं, बाईसाहेबांचा हुकूम! पण आत असं काही तुटलं ना… काय सांगू. घरी आल्यागेल्याला मी वाजवून दाखवतो आणि माझ्या स्वतःच्या बायकोला माझं वाजवणं नको.”

“तिला विचारलंस, का नको?”

“विचारायचं काय त्यात? कळतं की. माझा हात कच्चा. शिकलेला नाही ना मी. लोकांना चालतं, पण तिचा कान तयार आहे. म्हणून म्हटलं, नीट शिकतो. मुलगी बाळाला घेऊन अजून माहेरीच आहे. ती सासरी जायच्या आत पाळणा बसवतो, पियानोवर. कुमुद एकदा माझ्याबरोबर गायली पाहिजे, मास्तर. एकदा तरी.”

बोलता बोलता त्याचा आवाज बारीक झाला. हळदीच्या मांडवात माइक हातात घेऊन गर्जणारा माणूस हाच का, अशी शंका यावी इतका.

मास्तर उठले. जाहिराती उचलून त्यांनी खिडकीत ठेवल्या आणि पियानोचं झाकण उघडलं. दमट हवेनं लाकूड फुगू नये म्हणून पियानोच्या पोटात एक लहानसा बल्ब कायम जळत ठेवलेला असायचा. त्याचा उजेड फटीतून दिसत होता.

“पाळणा कुठल्या पट्टीत म्हणते ती?”

“काळी चार.”

“वाजव.”

जनार्दन बसला. उजवा हात सवयीनं पांढरी एकवर गेला. डावा हात वर सरकला आणि अंगठा लाकडावर काहीतरी चाचपू लागला. तिथं गुळगुळीत लाकडाशिवाय काही नव्हतं.

“काय हरवलं?”

जनार्दन ओशाळला. “बटण, मास्तर. कीबोर्डवर असतं. ते दाबलं की झालं, गाणारा कुठल्याही पट्टीत गाऊ दे. आपली बोटं जिथल्या तिथं.”

“म्हणजे पट्टी बदलायची ती मशीननं.”

“हो ना. सगळेच करतात.”

“आणि तू पांढरी एक सोडून कधी…”

“नाही.”

त्याला वाटलं, आता म्हातारा झाडणार. शिकलेली माणसं या बटणावरून फार टोचून बोलतात, हे त्याला ठाऊक होतं. पण मास्तरांनी बाजूची खुर्ची ओढली आणि जवळ बसले.

“असू दे. ते शिकता येतं. तुझ्या पट्टीत वाजव, मी गातो. चाल दाखव.”

जनार्दननं चाल एकदा वाजवून दाखवली. साधी चाल होती, कुमुदच्या आईकडून आलेली. मास्तरांनी मान हलवली आणि गुणगुणायला सुरुवात केली.

पहिली ओळ नीट गेली. दुसरीच्या मध्यावर मास्तरांना दम लागला. ते थांबले. जनार्दनचा हात पुढे निघून गेला होता.

“परत.”

परत तेच. या खेपेला मास्तर थोडं आधीच थांबले. छाती भात्यासारखी वरखाली होत होती. जनार्दनच्या पायानं मात्र जमिनीवर ठेका धरलेला, टक टक टक टक, त्यात सुताइतका फरक नाही. मास्तरांनी श्वास घेऊन ओळ उचलली तेव्हा तो पुढच्या ओळीच्या शेवटाला होता.

“मास्तर, तुम्ही मागे राहताय.”

म्हटलं खरं, आणि लगेच त्यानं जीभ चावली. दम्याच्या माणसाला काय बोललो आपण!

मास्तर रागावले नाहीत. त्यांनी हळूच विचारलं, “तिलाही असंच सांगायचास?”

जनार्दननं बोटं पट्ट्यांवरून उचलली.

सांगायचा. कार्यक्रम संपल्यावर वायरी गुंडाळता गुंडाळता सांगायचा. कुमुद, आज तू दोनदा मागे राहिलीस. कुमुद, रिदम धर ना जरा, मशीन काय तुझ्यासाठी थांबणार आहे का? आणि स्वतःच हसायचा. तीही हसायची. निदान सुरुवातीला हसायची.

“या पाळण्यात,” मास्तर म्हणाले, “कुमुद दम कुठं घेते?”

“अं?”

“दुसरी ओळ लांब आहे. एका दमात होत नाही. ती कुठं थांबते?”

जनार्दननं तोंड उघडलं. मनात ओळ म्हणून पाहिली. कुमुदचा आवाज त्याला ऐकू येत होता, शब्द येत होते, नाकातली चमकीसुद्धा दिसत होती. पण ती कुठं थांबते…

“माहीत नाही, मास्तर.”

“स्टेजवरची गाणी? त्यांत?”

“…नाही.”

ओटीवर कुणीतरी केळीचा घड आणून टेकवला. मास्तरांनी हातानंच ‘ठेव’ म्हणून खूण केली. माणूस निघून गेला.

आणि जनार्दनला नको ते आठवलं.

कुमुद गाताना त्याच्या डाव्या बाजूला उभी राहायची. अंतरा सुरू व्हायच्या आधी दोन बोटं कीबोर्डच्या कडेवर टेकवायची. दर कार्यक्रमात. लोकांना ते फार आवडायचं. नवराबायकोची जोडी म्हणून शिट्ट्या पडायच्या. तोही मग तिच्याकडे बघून मान डोलवायचा, लोकांकडे बघून डोळा मिचकावायचा. त्याला वाटायचं, काय झकास स्टाइल आहे बाईची.

दोन बोटं. अंतऱ्याच्या आधी. जिथं एक श्वास हवा तिथं.

“मास्तर,” तो म्हणाला, “ती… ती मला थांब म्हणत होती हो.”

त्यानं पियानोच्या डाव्या कडेकडे पाहिलं.

“इतकी वर्षं! आणि मी डोळे मिचकावत बसलो. अरे देवा… दहावीचं निमित्त केलं तिनं. मी म्हटलं, बरं, पोरीचा अभ्यास होईल. दुसरी गाणारी आणली. ती रिदमला पक्की होती.”

त्यानं दोन्ही तळहात डोळ्यांवर दाबून धरले. मास्तरांनी त्याला तसंच बसू दिलं. पाणी आणलं नाही की पाठीवर हात ठेवला नाही.

बऱ्याच वेळानं त्यानं नाक पुसलं. खिडकीतल्या जाहिरातींकडे पाहिलं. वाऱ्यानं त्यातली एक खाली पडली होती, ती परदेशी बाईची.

“तुझ्या मशीनला थांबवायचं बटण नव्हतं का?” मास्तरांनी विचारलं.

“होतं.”

“दाबायचास?”

“कार्यक्रमात कोण दाबतंय, मास्तर? नाच बंद पडला असता.”

मास्तरांनी झाकण लावलं. अगदी सावकाश लावलं, आवाज न होऊ देता.

“बाळ दुपारी कसं झोपतं?”

“कुमुदच झोपवते. आतल्या खोलीत. दार लोटून घेते, मी टीव्ही लावलेला असतो ना.”

“पाळणा म्हणते?”

“म्हणत असेल.” मग तो खाली बघत म्हणाला, “म्हणते. टीव्हीच्या आवाजात मला नीट…”



“मग शिकायचंय ना घरबसल्या?” मास्तर म्हणाले. “टीव्ही बंद कर. दाराबाहेर बस. दोन्ही हात मांडीवर. ती जिथं दम घेईल तिथं तूही घ्यायचा.”

“आणि वाजवायचं कधी?”

“ती दार उघडेल तेव्हा.”

जनार्दन उठला. खाली पडलेली जाहिरात त्यानं उचलली, बाकीच्या दोन तिच्यावर ठेवल्या आणि घड्या घालून खिशात कोंबल्या. ओटीच्या पायरीवर उतरला, केळीच्या घडापाशी अडखळला, आणि तिथूनच मागे वळून पाहिलं.

“मास्तर… तोवर पोरगी सासरी गेली, आणि कुमुदनं दार उघडलंच नाही तर?”

मास्तर दम खात होते. त्यांनी एक श्वास घेतला, दुसरा घेतला. जनार्दन पायरीवर उभा राहिला. या वेळी त्याचा पाय हलला नाही.

“तर निदान तिचा पाळणा ऐकून होईल,” मास्तर म्हणाले.