चांदीचा पाना आणि मोडका स्टड

खूप जुनी गोष्ट आहे. इतकी जुनी की तेव्हा अख्ख्या राज्यात एकच मोटार असे, आणि ती निघाली की कोंबड्यांपासून कोतवालापर्यंत सगळे रस्त्याच्या कडेला उभे राहत.

असेच एक डोंगरावरचे राज्य होते. तिथला राजा भला होता. मोटार त्याने मिरवायला आणली नव्हती. घाट उतरून गेले की खाली दवाखाना होता, आणि राज्यात कुणी अडले, आजारी पडले की मोटार त्याला तिथे पोचवी. मोटार चालवणाऱ्याला राजा कौतुकाने सारथी म्हणे. सारथी वयाने पिकलेला, बोलायला गोड आणि उभ्या जन्मात दारूच्या वाऱ्यालाही उभा न राहिलेला माणूस होता.

मोटारीची देखभाल एक मिस्त्री करी. त्याच्या हातात कसब आहे हे सगळे मान्य करत, आणि कुणी न विचारता तो स्वतःही मान्य करी. "माझ्या हातून आजवर एक आटा मोडलेला नाही," हे वाक्य तो देवाचे नाव घ्यावे तसे रोज घेई. राजाने एकदा खूश होऊन त्याला बोटभर लांबीचा चांदीचा पाना बक्षीस दिला होता. मिस्त्री तो छातीवर लावून हिंडे. झोपताना तरी काढून ठेवत असेल, अशी आपण आशा करू या.

एकदा शेजारच्या राज्यातले चार कारागीर त्याचे काम बघायला आले. त्या दिवशी मोटारीचा मॅनिफोल्ड उघडायचा होता. मॅनिफोल्ड म्हणजे इंजिनाच्या कुशीला जोडलेला बिडाचा पंजा. इंजिनातला जळका, विषारी धूर तो गोळा करतो आणि मागच्या नळीतून बाहेर सोडतो. हा पंजा इंजिनाला घट्ट धरून ठेवतात ते स्टड, म्हणजे दोन्ही टोकांना आटे पाडलेल्या लोखंडी काड्या. एका टोकाने त्या इंजिनात रुतलेल्या असतात, दुसऱ्या टोकावर नट बसतो. रोज तापून आणि रोज निवून त्यांना असा गंज चढतो की नट आणि स्टड एकजीव होतात.

सगळे नट निघाले. शेवटचा, अगदी मागचा, हलेना.

असा नट कसा काढायचा हे मिस्त्रीला पाठ होते. रॉकेल पाजायचे, रात्रभर थांबायचे, ऊब द्यायची, थोडे घट्ट करायचे आणि मग थोडे सैल. हे त्यानेच दहा जणांना शिकवले होते. पण समोर चार परके कारागीर उभे होते, आणि त्यांच्यापुढे "उद्या या" म्हणायचे त्याच्या जिवावर आले. त्याने पान्याच्या दांड्यावर हातभर लांब नळी चढवली आणि सगळा भार टाकला.

कट् असा बारीक आवाज झाला. स्टड मुळापाशी, इंजिनाच्या अंगाशी सपाट मोडला होता.

मिस्त्री मोठ्याने खोकला. नट आणि त्यात अडकलेला स्टडचा तुकडा त्याने मुठीत दाबला आणि पाहुण्यांना म्हणाला, "निघाला. चला, जेवून घ्या." पाहुणे जेवायला बसले तेव्हा त्याने लोखंडाचा कीस नवसागराच्या पाण्यात कालवला आणि तो नट तुकड्यासकट मोडलेल्या जागी चिकटवून टाकला. वरून काजळी फासली. बघणाऱ्याला वाटावे, नट आपल्या जागी कसा ऐटीत बसला आहे. पाहुणे वाहवा करत गेले. मिस्त्रीने स्वतःला समजावले की बाकीचे सात स्टड धरून आहेत, सवडीने आठवा नीट करू. आणि ती सवड, अशी सवड जशी कधीच मिळत नाही, तशी मिळाली नाही.

काही दिवसांनी मोटार सकाळी सुरू केली की टिक् टिक् असा आवाज येऊ लागला. पंजा मागच्या बाजूने किंचित उचलला गेला होता, आणि फटीतून धूर फुटत होता. इंजिन तापले की बीड फुगे, फट बारीक होई आणि आवाज थांबे. धूर मात्र पुरता थांबत नसे. मिस्त्रीला तो आवाज पहिल्याच दिवशी कळला. त्यानंतर मोटार सुरू करायच्या वेळी त्याला नेमके दुसरीकडे काम निघू लागले.

थंडी आली. एके सकाळी एका अडलेल्या बाईला घेऊन मोटार घाट उतरू लागली. गारठा होता म्हणून सारथ्याने सगळे पडदे ओढून घेतले. धूर पायाखालच्या भोकांतून वर येत होता आणि सारथी त्याच्या सगळ्यात जवळ बसला होता. अर्ध्या घाटात त्याचे डोके गरगरू लागले, डोळ्यांपुढे अंधारी आली आणि मोटार दगडी कठड्यावर जाऊन आदळली. कठडा होता म्हणून दरी चुकली. बाईला बैलगाडीत घालून खाली नेले. बाळ-बाळंतीण वाचली, ते त्यांचे नशीब. पण मोटारीतून उतरताना सारथ्याचा तोल गेला, जीभ जड झाली, आणि ते दहा माणसांनी पाहिले.

"प्यायलाय," एक जण म्हणाला. संध्याकाळपर्यंत सगळे राज्य तेच म्हणत होते.

राजाने दरबार भरवला. सारथी हात जोडून म्हणाला, "महाराज, मी थेंबाला शिवलो नाही. पण डोकं कसं फिरलं ते मला सांगता येत नाही."

राजाला ते खरे मानावेसे वाटले. त्याने मिस्त्रीकडे वळून विचारले, "मोटारीत काही बिघाड होता का?"

सगळा दरबार चांदीच्या पान्याकडे बघत होता.

"नाही महाराज," तो म्हणाला. "मोटारीत काही बिघाड नव्हता."

सारथ्याने मान डोलावली. मिस्त्री म्हणतोय म्हणजे तसेच असणार, असे त्याच्या चेहऱ्यावर दिसले, आणि ते बघून मिस्त्रीला धरणी दुभंगेल तर बरे असे वाटले. धरणी अशा वेळी कुणासाठी दुभंगत नाही. सारथ्याची पगडी आणि चाकरी दोन्ही गेली. मोटार एका तरुण घोडेस्वाराला शिकायला दिली. पंधरा दिवस तो मोकळ्या मैदानात शिकला, आणि सोळाव्या दिवशी रोगी घेऊन घाट उतरायचे ठरले.

त्या पंधरा दिवसांत मिस्त्रीला अन्न गोड लागले नाही. रस्त्यात सारथी दिसला की तो बोळात शिरे. छातीवरचा पाना त्याला टोचे, पण काढला तर लोक विचारतील म्हणून काढता येईना. आज खरे सांगू, उद्या सांगू, असे करता करता पंधरावा दिवस उजाडला, आणि सारथी बोडक्या डोक्याने मोटारखान्याच्या दारात येऊन उभा राहिला.

मिस्त्रीला वाटले, याला कळले.

"मिस्त्री, एक काम होतं," सारथी म्हणाला. "मोटार सकाळी टिकटिक करते. तापली की गप्प होते. माझ्याच हातून तिला कुठं इजा झाली असली तर एकदा बघशील का? उद्या त्या पोराच्या हाती जीव आहेत. मी सांगितलं तर दारुड्याचं कोण ऐकणार? तुझं ऐकतील."

एवढे बोलून तो आला तसा निघून गेला. त्याने दोन शिव्या दिल्या असत्या, तर मिस्त्रीला त्या खाऊन मोकळे होता आले असते. आता तो कानशिलापर्यंत लाल होऊन एकटाच उभा राहिला.

त्याने दार लावून घेतले आणि मॅनिफोल्ड उतरवला. चिकटवलेला नट नुसत्या बोटाने निघून आला. मोडका तुकडा मात्र इंजिनात रुतून बसला होता. त्याला मधोमध भोक पाडून त्यात चौकोनी, निमुळती पोलादी सळई ठोकायची आणि तिने तो उलटा फिरवून काढायचा, एवढाच मार्ग होता. भोक त्याने पाडले. तशी सळई मात्र शेजारची म्हातारी लोहारीणच घडवू जाणे.

लोहारणीने सळई घडवली आणि बसवून बघायला ती स्वतःच आली. तिची नजर अजून शाबूत होती. बाकावर पडलेला नट तिने उचलला, उलटा केला, त्यावरचा नवसागराचा लेप नखाने खरवडला.

"हे कुणी चिकटवलं?" तिने विचारले.

मिस्त्री खाली बघत म्हणाला, "मी, मावशी."

"सारथ्याच्या अपघाताआधी की नंतर?"

"आधी."

लोहारणीने भाता चालवला, जळत्या कोळशाने बीड तापवले आणि मेणाचा खडा आट्यांच्या कडेला टेकवला. मेण वितळून गंजात शिरले. मिस्त्रीने सळईला पाना लावला आणि घाईने झटका देणार, तेवढ्यात तिने त्याचा हात धरला.

"घाईनं एकदा मोडलास. आता थोडं पुढं, थोडं मागं."

तीन वेळा तापवले, तीन वेळा मेण पाजले. चौथ्या वेळी तुकडा किरकिरत फिरला आणि सळईबरोबर बाहेर आला. पेराएवढा होता. मिस्त्रीने नवा स्टड बसवला, मॅनिफोल्ड जोडला, मोटार सुरू केली. गार असूनही तिने टिकटिक केली नाही.

"मोटार नीट झाली," लोहारीण म्हणाली. "आता तो तुकडा भट्टीत टाकलास तर कुणाला काही कळायचं नाही. मीही सांगणार नाही. सांगायचं ते तुझं तू, मी कशाला सांगू?"

मिस्त्रीने भट्टीकडे पाहिले. खरेच, कुणाला काही कळले नसते. मोटार सुरळीत चालली असती, छातीवर पाना राहिला असता आणि सारथी दारुडा म्हणूनच मेला असता. मिस्त्रीने तुकडा मुठीत घेतला आणि तो तसाच, काळ्या हातांनी, राजवाड्याची पायरी चढला.

राजाने सारथ्याला बोलावून घेतले. भरल्या दरबारात मिस्त्रीने मोडका स्टड, खोटा नट आणि चांदीचा पाना राजापुढे ठेवला आणि काही न गाळता सगळे सांगितले.

राजा उठला. त्याने स्वतःच्या हातांनी सारथ्याच्या डोक्यावर पगडी ठेवली आणि म्हणाला, "आमची चूक झाली."

सारथी पगडीला हात लावून मिस्त्रीकडे वळला. "पगडी मिळाली," तो म्हणाला. "पण हे पंधरा दिवस मी झोपलो की माझी बायको वाकून माझ्या तोंडाचा वास घ्यायची. तिला वाटायचं मी झोपलोय. मी जागा असायचो. हे कसं परत देशील?"



राजाने पाना परत घेतला. मिस्त्रीची चाकरी मात्र काढली नाही. त्याने फर्मावले की यापुढे मोटार घाट उतरेल तेव्हा मिस्त्रीने सारथ्याच्या शेजारी, इंजिनाच्या सगळ्यात जवळ बसायचे, पडदे ओढून.

तेव्हापासून दोघे शेजारी बसून घाट उतरत. सगळा हिवाळा सारथी त्याच्याशी एक शब्द बोलला नाही. पुढच्या वर्षी एका गारठलेल्या सकाळी मोटार सुरू करून तो कान देऊन ऐकत राहिला आणि म्हणाला, "टिकटिक नाही आज."

"नाही," मिस्त्री म्हणाला. एवढेच बोलणे झाले, पण मिस्त्रीला ते घाट संपेपर्यंत पुरले.

तो मोडका तुकडा त्याने मोटारखान्याच्या दाराला टांगला होता. शिकायला येणारा प्रत्येक कारागीर विचारी, हे काय आहे? आणि मिस्त्री मान खाली घालून, पहिल्यापासून शेवटपर्यंत, आपली गोष्ट आपणच सांगे.

म्हणून मुलांनो, आणि मुलांच्या आईबापांनो, ध्यानात ठेवा: झाकलेली चूक नाहीशी होत नाही, ती दुसऱ्याच्या माथी जाऊन बसते.