आतली हवा

"…पण मग दारातूनच परत फिरलो, तर पाप लागेल का, अक्का?"

गोदाक्कांनी लुगड्याचा पदर कानांवरून ओढून घेतला आणि त्या समोर पाहत राहिल्या.

समोर आंबोलीचा घाट सुरू होत होता. श्रावणातला पाऊस, झाडांतून खाली उतरणारं धुकं, आणि त्यात मध्येच दिसणारा, मध्येच नाहीसा होणारा रस्ता.

पुष्करने गाडी आणखी हळू केली.

आजऱ्याजवळच्या एका टेकडीवर अक्कांचा मठ होता. मठ म्हणजे काय, तर कौलारू दोन खोल्या, एक विहीर आणि मागं एक झोपडी. तत्त्वज्ञानात एम.ए. होऊन, विद्यापीठात पहिला येऊन पुष्कर दोन वर्षांपूर्वी ती टेकडी चढला होता, आणि त्यानंतर उतरलाच नव्हता. आज उतरत होता, कारण सावंतवाडीच्या दवाखान्यात दुपारी त्याच्या वडिलांच्या हृदयावर शस्त्रक्रिया व्हायची होती. आईनं अक्कांना निरोप धाडला होता : तुम्ही तरी या, आणि येताना त्याला घेऊन या.

पुष्करचं मात्र ठरलं होतं. अक्कांना दवाखान्याच्या दारात सोडायचं, तिथूनच हात जोडायचे आणि परत फिरायचं. उद्यापासून मागच्या झोपडीत वर्षभर एकांत. माणसं नाहीत, फोन नाही, कुणाची खबर नाही. फक्त अक्कांनी हो म्हणायचं बाकी होतं.

"आत गेलो तर मन ढळेल माझं," तो म्हणाला. "आई रडेल. बाबा तसे पडलेले असतील… दोन वर्षांची कमाई आहे, अक्का. बाहेरचं काही आत येऊ द्यायचं नाही, एवढं एकच तर मी शिकलोय."

"कुणी शिकवलं?"

"कुणी म्हणजे? तुम्हीच."

"मी?" अक्कांनी मान वळवून त्याच्याकडे बघितलं. "मी तर तुला विहिरीचं पाणी शेंदायला शिकवलं."

पुष्कर जरासा दुखावला. हसावं की नाही, त्याला कळेना.

तेवढ्यात पुढं एक ट्रक आला. भरलेला, कण्हत कण्हत उतरणारा. त्याच्या काळ्या धुराचा लोट थेट गाडीत घुसला. अक्कांना ठसका लागला.

पुष्करने भराभर काचा वर केल्या. गाडी जुनी, तिच्यात आपोआप काही होत नसे. पुढच्या फळीवर तीन बटणं होती, गोल फिरवायची. एक पंख्याचं, एक निळ्याकडून लालकडे जाणारं, आणि एकावर बसलेल्या माणसाचं चित्र, हवा त्याच्या तोंडावर सोडायची, पायांवर की समोरच्या काचेवर, ते सांगणारं. या तिन्हींच्या खाली एक सरकवायची दांडी होती. तिच्या एका टोकाला बाहेरून गाडीत शिरणाऱ्या बाणाचं चित्र, दुसऱ्या टोकाला गाडीच्या पोटातच गोल वळलेल्या बाणाचं.

त्यानं दांडी गोल बाणाकडे सारली.

"झालं," तो समाधानानं म्हणाला. "आता बाहेरचं काहीही आत येणार नाही."

पुढच्या वळणावर ट्रक बाजूला थांबला आणि मागं पडला. दांडी मात्र तिथंच राहिली.

आणि पुष्करने नाम घ्यायला सुरुवात केली. मठाची ती रीत होती. घाट उतरताना गाडी हाकणाऱ्यानं मोठ्यानं नाम घ्यायचं. बैलगाड्यांच्या काळात गाडीवानाला डुलकी लागू नये म्हणून पडली असेल ती रीत, कुणास ठाऊक. पुष्कर कुठलीही रीत अर्धी पाळणाऱ्यांतला नव्हता. तो छाती भरून, खड्या आवाजात म्हणू लागला. त्याच्या अंगावर ओला रेनकोट होता. अक्कांच्या मांडीवर ओलं घोंगडं होतं.

दोन वळणं गेली आणि समोरचं सगळं पांढुरकं होऊ लागलं.

"धुकं वाढलं," तो म्हणाला आणि वायपर जोरात लावला.

वायपर काच खरवडत राहिला. फरक पडला नाही.

त्यानं हातानं काच आतून पुसली. तळहाताएवढं दिसलं, एक दगड, थोडं गवत… आणि पुन्हा मिटलं. पुन्हा पुसली, पुन्हा मिटलं.

"आत शिरतंय, अक्का! धुकं आत शिरतंय!"

"कुठनं?"

"कुठून तरी! जुनी गाडी, रबर गेलेलं असणार." त्यानं खांद्यावरचं उपरणं ओढलं आणि एका हातानं आपल्या बाजूच्या खिडकीच्या फटीत कोंबलं. दांडी हलली तर नाही ना, म्हणून पुन्हा करकचून दाबून बघितली. "थोडीशी फट मिळाली तरी बास असतं त्याला."

मग बटणं सुरू झाली. लालकडे फिरवलं, तर पायांवर ऊन हवा आली आणि घोंगड्यातून वाफ निघू लागली. निळ्याकडे फिरवलं, तर नुसताच गारठा. गारव्याचं यंत्र केव्हाच बंद पडलेलं होतं. माणसाच्या तोंडावर सोडून बघितलं, पायांवर सोडून बघितलं. पंखा सगळ्यात मोठा केला, तो घरघरायला लागला, आणि त्या घरघरीवर मात करायची म्हणून पुष्करचं नाम आणखी चढलं.

जितका तो घाबरत होता तितका मोठ्यानं म्हणत होता. काच जास्तच पांढरी होत चालली होती.

अक्का बघत होत्या. काचेकडे नव्हे, त्याच्याकडे.

…आणि एकदम समोरून भोंगा वाजला. लांबलचक, अगदी कानाशी. पांढऱ्यातून लाल रंगाची भिंत उगवली. एसटी! पुष्करने चाक डावीकडे ओढलं, ब्रेक दाबला. गाडी घसरली, कशाला तरी घासली आणि थांबली.

एसटी निघून गेली. कुणीतरी खिडकीतून ओरडलंही. "झोपलाय का रं भावा?"

डाव्या बाजूला कठडा होता. तो होता म्हणून बरं.

पुष्करचे हात चाकावरून सुटेनात.

"लागलं नाही ना, अक्का?"

"न्हाई."

"थांबू या इथंच. धुकं ओसरू दे."

"कवा ओसरंल?"

"ते का माझ्या हातात आहे?" तो जवळजवळ ओरडलाच. मग खाली मान घालून म्हणाला, "माफ करा."

खिशातला फोन वाजला. घाटात मध्येच कुठंतरी रेंज मिळते, तशी मिळाली होती. आई होती.

"पुष्कर? कुठवर आलात रे?"

"घाटात आहोत. फार धुकं आहे."

"लवकर या रे बाबा. थोड्या वेळात आत नेणार म्हणतात. हे सारखं विचारतायत."

"काय?"

"गाडी नीट चालतेय का म्हणून."

तेवढ्यात रेंज गेली.

फोन मांडीवर पडला. त्यानं डोळे मिटले आणि पुन्हा नाम सुरू केलं, भरभर, श्वास न सोडता, एकाला एक जोडून.

"जरा गप बस," अक्का म्हणाल्या.

तो दचकला. नाम घेताना अक्कांनी कुणाला गप केलेलं त्यानं कधी बघितलं नव्हतं.

"पण अक्का, घाटात…"

"गप."

…फक्त पंख्याची घरघर आणि पावसाचा आवाज उरला.

अक्का पुढं वाकल्या. आपली तर्जनी त्यांनी काचेवर ठेवली आणि वरून खाली एक रेघ ओढली. बोटाएवढीच. तिच्यातून पाण्याचा ओघळ घरंगळला.

पुष्करने त्या रेघेला डोळा लावला.

रस्ता दिसत होता. ओला, काळाभोर, पुढच्या वळणापर्यंत स्पष्ट. कठड्यावर एक वानर कणीस सोलत बसलं होतं. त्याच्या शेपटीचे केससुद्धा दिसत होते. पलीकडचा डोंगर दिसत होता, त्याच्यावरून उतरणारा पाण्याचा धागान् धागा दिसत होता. एक म्हातारा डोक्यावर गवताचा भारा घेऊन निवांत वर चालला होता. त्यानं थांबलेल्या गाडीकडे एकदा बघितलं, आणि ही माणसं इथं कशाला बसली असतील, असा चेहरा करून पुढं गेला.

"अक्का… बाहेर धुकंच नाहीये."

"व्हय की."

पुष्कर रेघेकडे बघत राहिला. बघता बघता तीही पुसट व्हायला लागली.

अक्कांचं बोट आता खालच्या दांडीपाशी आलं होतं. "ही चित्रं कसली रं? ही गाडी झाली. तिच्या पोटात हा बाण गोल फिरलाय. त्यो काय सांगतो?"

"ते होय?" घाबरलेल्या माणसाला काहीतरी शिकवायला मिळालं की बरं वाटतं, तसं त्याला वाटलं. "म्हणजे बाहेरची हवा पूर्ण बंद. धूर, धूळ, वास, काही येत नाही. आतलीच हवा आत फिरत राहते."

"कुणाची?"

"कुणाची म्हणजे? आतली. आपलीच. आपण जी सोडतो, तीच पुन्हा…"

तो थांबला.

काचेवरून एक थेंब ओघळला आणि त्याच्या हातावर पडला. कोमट होता.

वानराकडे बघायला अक्कांनी काचेवर आपल्यापुरतं एक भोक पाडून घेतलं होतं.

पुष्करने दांडी धरली. इतकी करकचून दाबली होती की हलेना. दोन्ही हातांनी ओढली, तेव्हा खट्कन दुसऱ्या टोकाला गेली. खिडकीच्या फटीतलं उपरणं त्यानं उपसून काढलं. बसलेल्या माणसाचं बटण फिरवून हवा समोरच्या काचेवर सोडली.

बाहेरची हवा आली. कुजलेल्या पानांचा वास आला, ओल्या मातीचा आला. मागून तोच ट्रक कण्हत पुढं गेला, त्याच्या धुराचाही आला. अक्कांना पुन्हा ठसका लागला. पुष्करचा हात दांडीकडे गेला.

अक्कांनी खोकता खोकताच मान हलवली. नको.

काच खालून वर उघडत गेली, दुधावरची साय बोटानं बाजूला सारावी तशी.

त्यानं गाडी काढली. घाट उतरत आला, धबधब्यांचा आवाज मागं राहिला.

"ही गाडी कुणाची म्हणालास?"

"बाबांची. भाताची गिरण आहे ना त्यांची, तिथं ये-जा करायला घेतली होती. घरातून निघालो त्या दिवशी भांडण झालं. म्हणाले, आत कोंडून घेऊनच बसायचं असेल तर माझ्या गिरणीतल्या कोठीत बस, निदान भाताची राखण होईल." पुष्करचा आवाज अजूनही त्या वाक्यावर चढत होता. "मी समोरची किल्ली उचलली आणि आलो निघून."

"मग त्यानं परत मागितली न्हाई?"

"…नाही."

"कधीच न्हाई?"

पुष्करने उगाचच गियर बदलला.

दोन वर्षं त्या माणसाची गाडी मठातल्या फणसाखाली उभी होती. तो या काळात गिरणीवर कसा जात असेल, हा प्रश्न पुष्करला आज, या क्षणी, पहिल्यांदा पडला. आणि पडल्यावर तो जाईना.

सावंतवाडीचा तलाव आला, बाजार आला. दवाखान्याच्या फाटकातून त्यानं गाडी आत घेतली आणि पायऱ्यांशी उभी केली. इंजिन चालूच ठेवलं, परत फिरायला सोपं म्हणून.

वर, दारात आई उभी होती. तिनं गाडी ओळखली. हात वर केला, आणि तो तसाच वर ठेवून उभी राहिली.

"अक्का," पुष्कर म्हणाला, "मघाचं राहिलं. परवानगी…"

पुढच्या फळीतल्या जाळीतून वास आला. फिनाइलचा, औषधांचा, ओल्या चादरींचा. आजारी माणसांचा.

त्याचा हात आपोआप दांडीकडे गेला. बोटं टेकली. थोडी सरकलीही.

…आणि थांबली.

अक्का बघत होत्या. त्यांनी हात पुढं केला नाही.

पुष्करने बोटं मागं घेतली. किल्ली फिरवली. इंजिन बंद झालं, पंखा थांबला, पावसाचा आवाज मोठा झाला.

"अक्का, ते मन ढळण्याचं वगैरे…" त्यानं किल्ली काढून मुठीत धरली. "खरं म्हणजे मला भीती वाटते. त्यांना तसं बघायची. आणि बघितलं नाही अन् ते… त्याचीही."

अक्कांनी आपल्या बाजूचं दार सताड उघडलं. घोंगडं सावरलं, एक पाय पावसात ठेवला.

"दिसाय लागलं न्हवं? मग उतर."