एकाच गल्लीचे दोन भाव

मिरजेत कुमुदताई आजगावकर एकट्याच राहत. गुडघे थकले, तेव्हा त्यांनी जुनं बैठं घर विकून लिफ्ट असलेल्या इमारतीत फ्लॅट घ्यायचं ठरवलं. शेजारीच बिल्डर खराडेंची इमारत उभी राहत होती. खराडे स्वतःच सौदा करायला आले. गल्लीतले दोघेतिघेही येऊन बसले.

"ताई, मार्केट पडलंय," खराडे ऐसपैस बसत म्हणाले. "इथल्या जमिनीला आता कोण विचारतंय? मी म्हणून अर्ध्या भावात तरी घेतोय."

"आणि तुमच्या इमारतीतला फ्लॅट?"

"तो आजच बुक करा. या गल्लीत दिवाळीनंतर भाव दुप्पट होणार."

कुमुदताई शांतपणे म्हणाल्या, "खराडेसाहेब, तुमच्या-माझ्या जागेत एकच भिंत आहे. भाव पडतायत की चढतायत, ते तुम्हीच ठरवा. पडत असतील तर मला फ्लॅटही अर्ध्या भावात द्या. चढत असतील तर माझं घर दिवाळीनंतरच्या भावाने घ्या. मला दोन्ही चालेल."

शेजारी हसू दाबत राहिले. अखेर घराच्या बदल्यात फ्लॅट आणि वर चांगली रक्कम देऊन खराडेंनी व्यवहार केला. पुढे गल्लीत कुणालाही घर विकायचं असलं, की खराडेंशी बोलायला तो कुमुदताईंना सोबत घेऊन जाई.