गेनबानं आईला ढग दाखवले

त्या दिवशी आभाळ घासलेल्या पातेल्यासारखं लख्ख होतं. ढगाचा एक बोळासुद्धा नव्हता. ऊन असं, की कावळा सावली सोडून हलेना.

असल्या उन्हाच्या एका गावात एक भोळा माणूस होता. नाव गेनबा. सांगाल ते करायचा, आणि सांगाल तसंच करायचा. म्हणून शहाणी माणसं त्याला सहसा काही सांगतच नसत.

पण आता नड होती. गेनबाची बहीण सगुणा नागपूरला. तिला मुलगी झालेली. बारशाला आईला घेऊन ये म्हणून तिनं विमानाची दोन तिकिटं काढली, उद्याची. वर गेनबाला फोनवर बजावलं, "दादा, आई विमानातून उतरली की लगेच मला फोन कर. मी घ्यायला येईन."

"बरं," गेनबा म्हणाला.

आईचं मात्र अडलं होतं. तिला विमानाचं भय नव्हतं, ढगांचं होतं. "ढगात शिरल्यावर जीव घुसमटला म्हणजे? आधी मला ढग दाखव. भ्या मोडलं तर येते. नाहीतर तू एकटा जा, आणि पाळणाही तूच म्हण."

शेजारचे वामनअण्णा टीव्ही दुरुस्त करायचे. आभाळात ढग नाही, म्हणून त्यांनी जुना कॉम्प्युटर आणून गेनबाच्या मधल्या खोलीत मांडला. त्यात विमान उडवायचा खेळ होता. पडद्यावर आभाळ दिसायचं. दांडा ओढला की विमान वर.

आई खुर्चीत मांडी घालून बसली. बराच वेळ बघितलं.

"हे ढग होय रे? या तर थापलेल्या भाकरी. भाकरीला कोण भितं?"

गेनबा कुंपणाशी गेला. "अण्णा, ढग भाकरीसारखे दिसतात."

अण्णा कोणाच्या तरी टीव्हीत डोकं घालून बसले होते. तिथूनच म्हणाले, "मग जाडी वाढव की. जरा फुगीर कर."

"बरं."

गेनबानं आईची उशी फाडली. खळ शिजवली. पडद्यावर जिथं जिथं ढग होता, तिथं तिथं कापसाचा गोळा चिकटवला. विमान पुढं गेलं, कापूस जागच्या जागी. आईला शिंका सुरू झाल्या.

अण्णा आले. कपाळावर हात मारला. "अरे, पडद्याला बाहेरून काही करायचं नसतं! जे करायचं ते आतून. आता हे सगळं ओल्या फडक्यानं पुसून काढ."

"बरं."

बाहेरून तर काही करायचं नाही. म्हणून अण्णा गेल्यावर गेनबानं मागचं झाकण उघडलं आणि आतून पुसायला घेतलं. चर्रर्र झालं. फडकं उडालं, गेनबा उडाला, खोक्यातून धूर निघाला.

"आता जरा ढगासारखं दिसतंय," आई म्हणाली.

अण्णा धावत आले. बदलायचं ते बदललं, यंत्र चालू केलं आणि गेनबाला समोर बसवलं. "नीट ऐक. जिथं विजेचं काम, तिथं पाण्याचा थेंब दाखवायचा नाही. कोरडं ठेवायचं, समोर पंखा लावायचा. कळलं?"

"कळलं."

अण्णा गेले. आईनं सुस्कारा सोडला. "राहू दे रे ते ढग. न्याहारीचाही पत्ता नाही. चक्कीवरनं दळण आलंय, तेवढं पीठ मळ."

गेनबानं परातीत ज्वारीचं पीठ घेतलं. तांब्या उचलला आणि थबकला. पीठ तर विजेच्या चक्कीवरचं! आताच अण्णांनी सांगितलेलं. त्यानं तांब्या लांब नेऊन ठेवला. परात आईच्या खुर्चीपाशी मांडली, समोर पंखा ठेवला आणि बटण दाबलं.

खोली गेली. भिंती गेल्या. आई गेली, गेनबा गेला. नुसतं पांढरं. त्यात पडद्याचा निळा उजेड, आणि विमानाची घरघर.

"आये, आहेस का?"

"आहे रे! ढगात शिरलो का आपण?"

"शिरलो वाटतं."

"मग जीव कुठं घुसमटतोय? नुसतं नाक चुरचुरतंय!" आई खदाखदा हसायला लागली. "गेनबा, भ्या मोडलं बघ! ओढ दांडा! चल नागपूरला!"

गेनबानं दांडा ओढला. विमान नागपूरला नेलं आणि उतरवलं. मग त्यानं आईला हाताला धरून खुर्चीतून उतरवलं, आणि फोन लावला.

"सगुणे, आई विमानातून उतरली."

"आजच?" सगुणा ओरडली. "अगं बाई! थांबा तिथंच, हलू नका. मी आलेच!"

"बरं," गेनबा म्हणाला.

दोघं हलले नाहीत. आई डिंकाच्या लाडवांचं गाठोडं मांडीवर घेऊन बसली. डोक्यापासून पायापर्यंत पांढरी. "नागपूर बाकी आपल्या घरासारखंच आहे हो," एवढं म्हणाली.

दिवस कलला तशी दाराची कडी वाजली. दारात वामनअण्णा, कानाला फोन. त्यांनी परात बघितली, पंखा बघितला, गाठोडं बघितलं.

"गेनबा," अण्णा म्हणाले, "सगुणा केव्हाची नागपूरच्या विमानतळावर उभी आहे. ढग झकास झालेत बाबा, उद्या आई तेवढी खरी ने."