वाळूतली मावशी

समुद्राला अजून कुणी नाव दिलं नव्हतं, तेव्हाची ही गोष्ट. खाडीच्या मुखाशी वाळूत एक पाकट पडून असायची. अंगाने चपटी, पंख्यासारखी पसरलेली, शेपटीला विषारी काटा. सगळे मासे तिला मावशी म्हणत.

एका चकचकीत बांगड्याला तिची फार कीव यायची. "मावशी, तुझे डोळे पाठीवर आणि तोंड पोटाखाली! जे खातेस ते तुला दिसतही नाही. जगतेस तरी कशी?"

"वाळूखाली शिंपल्यातला जीव नुसता हलला तरी माझ्या अंगाला कळतं," मावशी म्हणाली. "ये, जरा शेजारी स्वस्थ पड."

बांगडा तळाशी टेकला आणि लगेच घुसमटला. पोहताना तोंडात पाणी शिरेल तेवढाच त्याचा श्वास. थांबला की संपला. मावशी मात्र डोळ्यांमागच्या दोन भोकांतून शांतपणे पाणी आत ओढत होती.

तो धडपडत वर उसळला. त्याची चमक एका शिकारी मुशीने, म्हणजे छोट्या शार्कने, पाहिली आणि जबडा उघडून ती झेपावली. तेवढ्यात खालची वाळूच उठून उभी राहिली! मावशीने दोन्ही पंख असे फडफडवले की सगळं पाणी गढूळ झालं. मुशी गोंधळली, बांगडा निसटला.

पाणी निवळल्यावर तो आभार मानायला परतला. खाली नुसती वाळू, लांबच लांब, सपाट.

"मावशी?"

त्याने त्या वाळूवरून एक फेरी मारली, मग दुसरी.

थांबणं त्याला आजही जमत नाही. पण त्या तळावरून जाताना तो वेग कमी करतो, अगदी सगळ्या वाळूवरून. कारण मावशी नेमकी कुठल्या वाळूखाली नाही, हे त्याला सांगता येत नाही.