दोरीची शेवटची गाठ

"पण आबा, तुम्ही शाळेत गेला नाहीत म्हणून तुमची एक तरी होडी बुडाली का?"

धाकू मेस्त्री रंधा मारत होते. रंधा थांबला नाही.

"नाही बुडाली."

"मग झालं तर."

वैजयंतीने दप्तर भुशात टाकलं आणि फळी धरायला बसली. नववीतली पोर. वर्षभर दर सुट्टीला ती मेस्त्रींकडे होड्या बांधायला शिकत होती, आणि हात असा बसला होता की मेस्त्रींच्या स्वतःच्या मुलांनाही तो साधला नाही. हे तिला ठाऊक होतं. जरा जास्तच ठाऊक होतं.

मेस्त्रींबद्दल काय सांगावं? कागदावर एक रेघ न ओढता या माणसाने साठ होड्या पाण्यात सोडल्या. खाडीत आजही एखादी होडी सरळ चालली की लोक विचारतात, मेस्त्रींची का? मी तरी असा कारागीर दुसरा पाहिला नाही.

"आज वार कुठला?" मेस्त्रींनी विचारलं.

"मंगळवार. आजपासून रोज येणार. शाळा सोडली मी."

"काय झालं गो?"

"भूमितीत उत्तर बरोबर आलं, तरी बाईंनी शून्य दिलं. म्हणतात, कसं काढलंस ते लिही. काढायचं काय त्यात? मला दिसलं."

"दिसलं..."

"तुम्हाला दिसतं तसंच."

आता रंधा थांबला.

मेस्त्रींनी खुंटीवरची दोरी काढली. तेलाने काळी पडलेली, ठिकठिकाणी गाठी मारलेली. होडीचं प्रत्येक माप त्या गाठींवरून घ्यायचं. दोरी त्यांच्या आजोबांची.

"गाठी मोज."

"दहा तर आहेत... नाही, अकरा." ती टोकाच्या गाठीशी अडली. "हिने आपण कधी काही मापत नाही. ही कशाची?"

"आजोबांनी एक गलबत बांधलं होतं. दोन डोलकाठ्यांचं. थेट समुद्रापार जायचं. ही गाठ त्याची."

"पण माप कशाचं?"

"माझ्या वडिलांनीही हेच विचारलं. हे कसं काढलंत म्हणून. आजोबा हसले. म्हणाले, काढायचं काय त्यात? दिसतं."

वैजयंतीने दोरीवरून नजर उचलली.

"मग आजोबा गेले," मेस्त्री म्हणाले.

"तुम्ही बांधून नाही बघितलं?"

"दोनदा. दोन्ही वेळा गलबताचा कणा टाकला, वर्षभर झटलो, आणि शेवटी फोडून चुलीत घातला. बायको रडली होती तेव्हा."

खाडीवरून वारा आला. भुसा थोडा उडाला.

"मघाशी विचारलंस ना, एक तरी बुडाली का... बुडेल कशी? खाडीबाहेर जाईल अशी मी बांधलीच नाही."

इतक्या वर्षांत हे त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं. गावात ज्यांच्या शब्दापुढे कुणी बोलत नाही, ते मेस्त्री एका नववीतल्या मुलीसमोर हे बोलले. मला विचाराल तर साठ होड्यांपेक्षा हे मोठं.

वैजयंती ती गाठ बोटांनी चाचपत राहिली.

"बाईंना येईल हे सोडवता?" तिने हळूच विचारलं.

"काय ठाऊक. पण कसं काढलंस, हे त्या विचारतात तरी."

टेकडीवरच्या शाळेची पहिली घंटा झाली.

मेस्त्री उठले. पिंपातल्या पाण्याने हात धुतले, कोपरापर्यंत. खुंटीवरचा धुतलेला सदरा अंगात घातला. दोरी गुंडाळून खिशात ठेवली. मग वाकून तिचं दप्तर उचललं, भुसा झटकला आणि स्वतःच्या खांद्याला लावलं. एकाहत्तर वर्षांचा माणूस.

"आबा, ते माझं आहे..."

"तू सोडलंस ना?"

ती त्यांच्या मागोमाग दारापर्यंत गेली. मेस्त्री उंबऱ्यावर थांबले आणि मागे वळून म्हणाले,

"तू कुठल्या बाकावर बसायचीस, तेवढं सांग."